आप्पा देवस्थळी आणि पिठ्या ढेकूण

आप्पा देवस्थळ्यांच्या घरी गेलेल्या माणसाला बसायला जागा मिळण्याआधी उंबऱ्याबाहेर उभं राहून कपडे झटकावे लागत. एकदा नव्हे, तीनदा. आप्पा आत उभे राहून मोजत. तिसरी झटक झाली की ते हातातलं भिंग डोळ्याला लावत, पाहुण्याची कॉलर बघत, बाह्या बघत, माणूस फारच संशयास्पद वाटला तर कानामागची जागाही बघत आणि मग म्हणत, "या. दिसत तरी काही नाही."

त्या 'दिसत तरी'मध्ये पाहुण्याच्या चारित्र्याविषयीची सगळी शंका शिल्लक असे.

आम्ही गिरगाव सोडून डोंबिवलीला राहायला आलो तेव्हा आप्पा आमचे भिंतीपलीकडचे शेजारी झाले. देवाची तसबीर टांगायला हातोडी हवी म्हणून मी त्यांचं दार वाजवलं. दार चार बोटं उघडलं आणि फटीतून एक भिंग बाहेर आलं.

"कुठून आलात?"

"गिरगावातून. मी पाटणकर. कल्याणला शाळेत भूगोल—"

"भूगोल राहू द्या. गिरगावात जास्वंद होती?"

"होती की. गॅलरीत."

"एकवीस दिवसांनी या," असं म्हणून त्यांनी दार लावलं. हातोडी मात्र मिळाली. पाच मिनिटांनी ती खिडकीच्या गजांतून, काठीला बांधून, माझ्यापुढे लोंबकळत आली. माणुसकी होती; फक्त ती लांबून होती.

आप्पा जन्मभर मुंबई बंदरावरच्या क्वारंटाइन कचेरीत होते. परदेशातून बोट आली आणि तीवर रोगाचा संशय असला की ती पिवळं निशाण लावून समुद्रात उभी राही आणि आप्पांच्या कागदावर सही झाल्याशिवाय कुणी किनाऱ्याला पाय लावू शकत नसे. पेन्शन घेतल्यावर हातातल्या बोटी गेल्या, पण सवय राहिली. मग त्यांनी घरातल्या कुंड्या धरल्या.

कुंड्या अठरा. त्यांतल्या दहांत निवडुंग. आपल्याकडे निवडुंग म्हणजे बांधावर, गुरं आत येऊ नयेत म्हणून. तो कुणी घरात घेत नाही. "काटेरी झाड घरात आणलं की भांडणं होतात," असं माझी बायको म्हणाली, तेव्हा मी तिला सांगितलं की आप्पा घरात एकटेच असतात, भांडणार कुणाशी? त्यावर आमचं जे भांडण झालं ते निवडुंगाविनाच झालं.

पण आप्पांचे निवडुंग बांधावरचे नव्हते. कुणी चेंडूसारखा वाटोळा, कुणी हाताच्या पंजासारखा, कुणी नुसता दगड वाटावा असा. हे सगळं रान समुद्रापलीकडून आलेलं. ते का आणि कसं ते पुढे सांगतो. आधी शत्रूची ओळख करून देतो.

शत्रूचं नाव पिठ्या ढेकूण. तांदळाच्या दाण्याहून लहान, अंगावर पीठ फासल्यासारखा पांढरा, चालतो इतका सावकाश की सरकारी कामाची आठवण व्हावी. काट्यांच्या बेचक्यात बसून रस पितो आणि स्वतःभोवती कापसासारखा पुंजका करून त्यात अंडी घालतो. "सात दिवसांत अंडं फुटतं," आप्पा बोटांवर मोजत सांगत. "आज पुसलंत, सात दिवसांनी पिल्लं. तीही पुसलीत, तरी कुठेतरी एक पुंजका राहिलेला असतोच. म्हणून तीनदा. सात त्रिक?"

"एकवीस," मी म्हणे. भूगोलाच्या मास्तरालाही एवढं येतं.

नवीन झाड आलं की ते एकवीस दिवस न्हाणीघरात एकटं राही आणि न्हाणीघराच्या दाराला आप्पा पिवळं फडकं बांधत. तेवढे दिवस ते स्वतः मागच्या अंगणात विहिरीवर आंघोळ करत, थंडी असली तरी. मुंग्यांवर तर त्यांचा विशेष राग. पिठ्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याला उचलून या झाडावरून त्या झाडावर नेतात. "हे हमाल आहेत हमाल! यांना उतरू देऊ नका!" म्हणून आप्पांनी प्रत्येक कुंडी पाण्याच्या परातीत, पालथ्या वाटीवर ठेवली होती. घरातली सगळी भांडी त्या कामी लागल्यामुळे आप्पा स्वतः जेवत केळीच्या पानावर.

औषध म्हणजे स्पिरिट. काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि पिठ्याच्या अंगावर टेकवायचा. तो जागच्या जागी संपे. पण ते दारूबंदीचे दिवस. आप्पांच्या घरातून येणाऱ्या वासाची आळीत कुजबुज झाली आणि एके दिवशी एक हवालदार दारात उभा राहिला. आप्पांनी त्याला आधी तीनदा झटकायला लावलं. मग परवाना दाखवला. त्यात कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात 'ढेकणांचा नायनाट' असं लिहिलं होतं. हवालदार म्हणाला, "एवढी बाटली ढेकणांना?" आप्पांनी त्याच्या हातात काडी दिली आणि शेजारणीच्या तगरीची पिठ्यांनी भरलेली फांदी समोर धरली. तासाभराने हवालदार बाहेर पडला तेव्हा चौतीस पिठ्ये मारून त्याचे डोळे चमकत होते. पुढे तो बदली होईपर्यंत दर रविवारी येत असे.

एकूण आमच्या आळीत कुणाच्या तुळशीवर मावा राहिला नाही, कुणाच्या जास्वंदीवर पिठ्या राहिला नाही. आप्पा न विचारता फाटकातून शिरत, तंबाखूचं पाणी मारत आणि न बोलता निघून जात. लोक हसत, पण फुलं भरपूर काढत.

आता त्या निवडुंगांची गोष्ट. आप्पांना एकच मुलगा, मधू. आप्पांच्या पत्नी तो लहान असतानाच गेल्या. आप्पांची इच्छा होती की त्याने मॅट्रिकला बसावं आणि कचेरीत चिकटावं. मधू मॅट्रिकला बसायच्या ऐवजी बोटीवर बसला. लहानपणी वडिलांबरोबर बंदरावर जाऊन त्याने बोटी पाहिल्या होत्या, हा आप्पांचाच गुन्हा. दोन वर्षं बापलेकांत पत्र नाही. मग एके दिवशी दारात मधू उभा, खांद्यावर ट्रंक, हातात डबा आणि डब्यात वाटोळा निवडुंग. कुठल्याशा बंदरात त्याने तो विकत घेतला होता आणि कुणाला न दाखवता ट्रंकेतून आणला होता. ज्या माणसाने जन्मभर बोटीवरून उंदीरसुद्धा उतरू दिला नाही, त्याच्या घरात त्याच्याच मुलाने चोरून झाड उतरवलं!

आप्पा काय बोलले? "याला कीड दिसते," म्हणाले. आणि भिंग काढलं.

तेव्हापासून दर दीड-दोन वर्षांनी बोट मुंबईला लागली की मधू चार दिवस डोंबिवलीला येई आणि नवीन झाड आणी. त्यांचं बोलणं मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे. भिंत पातळ होती, माझा दोष नाही.

"बोट बरी?"

"बरी."

"खाणं?"

"बरं."

मग नुसता बशीत चहा ओतल्याचा आवाज. मग आप्पांचा आवाज, "त्या तिसऱ्या कुंडीच्या बुडाशी काय सापडलं माहितेय?" की दोघं जे बोलायला लागत ते चहा गार होईपर्यंत. किड्यांखेरीज त्या दोघांना एकमेकांशी बोलायला विषय नव्हता. चार दिवसांत किडे संपत आणि मधू परत जाई.

आणि आता माझा पराक्रम.

तुळशीचं लग्न झालं आणि आप्पांना भाचीच्या लग्नाला पुण्याला जावं लागलं. पाच दिवस. मधूचं पत्र आलं होतं. आप्पा परतल्यावर दोनच दिवसांनी तो येणार होता. आप्पांनी घराची किल्ली माझ्या हाती दिली, स्पिरिटची बाटली दिली, आणि एक कागद दिला. वर 'सूचना', खाली कलमं. पहिलंच कलम असं होतं: 'कोठेही पांढरे, कापसासारखे दिसल्यास विलंब न लावता काढावे. दया दाखवू नये.' दहावं कलम: 'आतील खोलीत मच्छरदाणीखालील झाडास दोन चमचे पाणी द्यावे.'

मी आतल्या खोलीत पूर्वी कधी गेलेलो नव्हतो. मच्छरदाणी वर केली आणि माझ्या हातातला चमचा पडला. हातभर उंच खांबासारखं झाड आणि त्याच्यावर बुडापासून शेंड्यापर्यंत पांढरा कापूस! झाडाचं हिरवं अंग दिसतही नव्हतं. पिठ्यांनी अख्खं झाड गिळलं होतं आणि आप्पा बिचारे पुण्यात अक्षता टाकत होते.

मी धावत घरी आलो. बायकोला म्हटलं, "अगं, माझा वस्तरा कुठाय?"

"दाढी तर सकाळीच झाली ना?"

"माझी नव्हे!"

त्या दिवशी मी तीन तास त्या झाडाची हजामत केली. शाळेत पोट दुखतंय म्हणून चिठ्ठी पाठवली. काटे टोचून बोटं चाळणी झाली, पण हटलो नाही. स्पिरिट चोळलं, वर तंबाखूचं पाणी शिंपडलं. एकही किडा सापडला नाही, ते मी 'घाबरून पळाले' असं समजलो. संध्याकाळी ते झाड गोटा केलेल्या मुंजा मुलासारखं हिरवंगार, गुळगुळीत उभं होतं. मी जन्मात कुणाची सेवा इतक्या मनापासून केली नव्हती.

आप्पा आले. मी मोठ्या ऐटीत मच्छरदाणी उचलली. आप्पांनी भिंग लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"कुणी केलं?"

"मी. तीन तास लागले."

"कुठे कापलं नाहीत," ते हळूच म्हणाले. मग स्टुलावर बसले. "सूचनांचा कागद उलटून पाहिलात का हो पाटणकर?"

मी कागद उलटला. पाठीमागे अकरावं कलम होतं: 'मच्छरदाणीखालील झाडाचे पांढरे केस नैसर्गिक आहेत. हात लावू नये.'

मुलांनी नकाशाची मागची बाजू पाहिली नाही म्हणून मी त्यांना बाकावर उभं करत आलो आहे. त्या क्षणी मला बाकाची फार आठवण झाली.

"हे झाड मधूनं मागच्या खेपेला आणलं," आप्पा म्हणाले. "तो जाताना कधी काही बोलत नाही. पिशवी उचलतो, येतो म्हणतो, जातो. त्या वेळी दारातून मागे फिरला. म्हणाला, 'आप्पा, याची दाढी किती वाढते ते पुढच्या खेपेला आपण बघू.' पुढच्या खेपेला, असं म्हणाला तो. आजवर कधी म्हणाला नव्हता." त्यांनी फडताळातून एक दोरा काढला. त्याला गाठी मारलेल्या होत्या. दर महिन्याला दाढी मोजून मारलेली एकेक गाठ. "परवा दाखवणार होतो."

मी म्हटलं, "आप्पा, मी स्वतः मधूला सांगतो. माफी मागतो. हवं तर माझी दाढी वाढवतो." ते हसले नाहीत.

शनिवारी मधू आला. उंच, उन्हाने रापलेला, दंडावर नांगर गोंदलेला. उंबऱ्यावर थांबून त्याने न सांगता तीनदा पँट झटकली. आत आला, मच्छरदाणी उचलली आणि बघत राहिला. मी घसा खाकरला, "मधुकर, हे जे आहे ते मी—"

"पिठ्या!" आप्पा मध्येच ओरडले. "जबर हल्ला झाला रे. केसांच्या मुळाशी शिरले होते. मीच पाटणकरांना सांगितलं, उतरवा म्हणून."

मी आप्पांकडे बघतच राहिलो. या माणसाने आयुष्यात खोटा शेरा मारला नव्हता.

मधू म्हणाला, "मग बाकीच्या झाडांवर पण असणार."

"असणार... म्हणजे आहेतच."

"अंडी असतील. मग चार दिवसांत काय होणार आप्पा? तीन आठवडे तरी लागतील."

"लागतील," आप्पा म्हणाले.

मधूने थोडा विचार केला. "आमची बोट गोदीत रंगाला घेतलीय, तशी घाई नाही. असं करतो, आता मुंबईला जाऊन रजा वाढवून मागतो. सोमवारी सामान घेऊन येतो. दोघं मिळून पुसू."

तो गेला. आप्पांनी दार लावून घेतलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं. "पाटणकर, घात झाला! सबंध घरात एक पिठ्या नाही!"

आम्ही अठराही कुंड्या तपासल्या. नाही. मी आळीत घरोघर हिंडलो. "वहिनी, तुमच्या जास्वंदीवर कीड आहे का हो?" "छे हो, आप्पा आहेत ना!" प्रत्येक घरी हेच उत्तर. ज्याने इतकी वर्षं आळीतला शेवटचा पिठ्या शोधून मारला, त्याला आता एक पिठ्या मिळेना.

रविवारी सकाळी आम्ही दोघं शेतांच्या बांधांवरून मानपाड्याला चालत गेलो. तिथल्या मथुराबाय डोंबिवलीला भाजी विकायला येत. त्यांच्या घरामागे सीताफळाची झाडं होती, आणि सीताफळ म्हणजे पिठ्यांचं माहेर. वाटेत आप्पा एकदाच बोलले. "माझ्या एका सहीसाठी किती माणसं बोटीवर अडकून पडायची हो. घर समोर दिसायचं, उतरता यायचं नाही. किनाऱ्यावर त्यांची माणसं उभी असायची. मला वाटायचं, ही एवढी रडतात का? काही दिवसांचाच तर प्रश्न."

मथुराबाय ओट्यावर भाजीच्या जुड्या बांधत होत्या. आम्ही काय मागतोय ते त्यांना पहिल्यांदा कळेचना. कळलं तेव्हा त्या हसून हसून ओट्यावर टेकल्या. "आरं द्येवा! लोकां सीताफलां मागाला येतान, न् यो बाबा कीर मागतंय! कीर नेऊन काय करशील रं बाबा?"

आप्पा खाली बघत म्हणाले, "मुलगा आलाय. झाडांना कीड असली तर जरा थांबेल."

मथुराबायचं हसणं थांबलं. त्या उठल्या, मागे गेल्या आणि पांढरीफटक पडलेली एक अख्खी फांदी मोडून घेऊन आल्या. "यवरी पुरंल का अजून देव?"

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आप्पांनी एकेक पान निवडून ठेवलं. "ही मादी बघा, अंड्यावर आलेली आहे. हिला वर ठेवा, दबेल." परत येताना ऊन चढलं. आप्पांनी छत्री उघडली आणि डब्यावर धरली. स्वतःचं टक्कल उन्हात. एका हजामतीनंतर मला केसांविषयी बोलायचा अधिकार उरला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी परातींतलं पाणी ओतून टाकलं. मग पानाचा एकेक तुकडा टाचणीने निवडुंगाच्या काट्यांत खोचला आणि पिठ्यांना म्हणाले, "बसा. संकोच करू नका."

सोमवारी मधू सामान घेऊन आला. बापलेक ओसरीवर दोन पाट टाकून बसले. मध्ये स्पिरिटची बाटली, कापूस, काड्या. पहिल्या दिवशी भिंतीपलीकडून फक्त आकडे येत होते. "चार." "माझे सात." चौथ्या दिवशी डर्बनचं बंदर आलं. आठव्या दिवशी मधूच्या बोटीवरचा गोव्याचा आचारी आला आणि आप्पा मोठ्याने हसलेले आम्ही ऐकले. आमची ही पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, "हे कोण हसलं?" आणि दहाव्या-बाराव्या दिवशी मधूच्या आईचं नाव निघालं. त्यानंतर भिंतीला कान लावायचं मी बंद केलं. काही गोष्टी ऐकायला भिंत पातळ असणं पुरेसं नसतं.

विसाव्या दिवशी मधू माझ्याकडे आला. त्याने तळहात उघडला. आत वाळलेलं पान होतं.

"मास्तर, हे सीताफळाचं आहे ना?"

"वाटतं खरं," मी म्हटलं. "वाऱ्याबिऱ्यानं आलं असेल."

"वाऱ्यानं? टाचणी टोचून?"

मी छताकडे पाहिलं. तिथे मदत नव्हती.

"कधी सापडलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी," मधू म्हणाला. "ते झाड बोडकं मी पाहिलं ना, तेव्हाच समजलं. पिठ्या काय वस्तऱ्यानं खातो? मुळाशी सरळ कापलेले केस दिसतात." त्याने पान खिशात ठेवलं. "आप्पांना सांगू नका हां."

दुसऱ्या दिवशी शेवटची तपासणी होती. मलाही साक्षीदार म्हणून बोलावलं. सतरा कुंड्या साफ निघाल्या. मधूची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. अठरावी कुंडी ओसरीवर आणली. मधू एका बाजूने काट्यांत डोकावत होता, मी त्याच्या मागे उभा होतो. दोन काट्यांच्या बेचक्यात एक पांढरा ठिपका मला स्वच्छ दिसला. मधूलाही दिसला. त्याची काडी ठिपक्यापर्यंत गेली, तिथे जराशी थांबली आणि तशीच कोरडी परत आली.

"माझ्या बाजूला काही नाही," तो म्हणाला. "आप्पा, तुम्ही एकदा बघा."

आप्पांनी कुंडी फिरवून घेतली. भिंग लावलं. ते वरून खाली आले, त्या बेचक्यापाशी आले आणि थांबले. ते कितीतरी वेळ तिथेच होते. मधू समोरच्या भिंतीकडे बघत होता. मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

मग आप्पांनी भिंग काढून उपरण्याला पुसलं.

"नीट दिसत नाही रे," ते म्हणाले. "उजेड कमी आहे. उद्या बघू."

सकाळचे दहा वाजले होते आणि कुंडीवर लख्ख ऊन पडलं होतं. मधूने उठून दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.